खरं

आमच्याकडे, बेळगावात, 'खरं' म्हणजे 'पण'.
अभ्यास केलोय सर, खरं ध्यानात ऱ्हाईना.
वही आणतो म्हणलोतो, खरं घरातच ऱ्हायली.
एकतीस वर्षं ही वाक्यं ऐकली
आणि दर वेळी 'खरं'च्या अलीकडचं सगळं
खोटं धरून चाललो.

वडगावची शाळा, पाचवी ब,
भिंतीकडच्या ओळीत तिसऱ्या बाकावर
मलप्रभा तारिहाळकर.
स्वतःच्या नावातला प्र तिला कधी जमला नाही.
ती तिरकी रेघ नेमकी कुठं टांगायची
तिथं पेन्सिल थबकायची,
मग 'मलपभा' लिहून मोकळी,
आणि वही दाखवताना अंगठा बरोबर त्या जागेवर.

धडा मात्र घडाघडा.
ओळीखालून बोट चालायचं,
स्वल्पविरामाला श्वास, प्रश्नचिन्हाला मान वर.
एकदा पंख्यानं पान उलटलं.
बोट नव्या पानावरच्या नकाशातून
नदीनाल्यांवरून चालत राहिलं,
तोंडी मागचाच धडा.
वर्ग हसला.
फसवतेस मला? हे माझे शब्द.
दोन बोटं, दोन पट्ट्या.

त्याच आठवड्यात ऑफिसातून परिपत्रक आलं,
कन्नडमधलं,
सुपातून सांडलेल्या जोंधळ्यासारखं.
मी नेहमीसारखा चष्मा लावला,
डावीकडून उजवीकडं मान फिरवली,
खाली 'पाहिले' लिहून सही केली.
बसलिंग शिपाई हळूच म्हणाला,
उद्या अकराला मीटिंग, सर.
दर वेळी तोच सांगतो.
खडू न्यायला आलेली मलप्रभा दारात उभी.
बोलली काही नाही.
माझ्या बोटाकडं बघत होती.
ते अजून ओळीखालीच होतं.

तिच्या घरी गेलो तो चूक कबूल करायला नव्हे,
एका फॉर्मवर बापाची सही हवी होती.
मागांचा खडखडाट, हवेत सुताचा भुगा,
आणि ती जमिनीवर बसून
भोकांचे पुठ्ठे दोऱ्यात ओवत होती.
एका पुठ्ठ्यावर बोट थांबलं.
"आप्पा, हितं एक भोक चुकलंय. मोराची मान तुटंल."
मी तो पुठ्ठा घेऊन दारातल्या उजेडात धरला.
मला नुसती भोकं दिसली.

वर्षाअखेर पत्रकात लिहिलं,
वाचन : समाधानकारक.
माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.
पट घसरत होता, मराठी तुकडी टिकवायची होती,
वरून विचारणा नको होती.
सगळी कारणं खरी, आणि एकही पुरं पडत नाही.
सहावीलाही समाधानकारक. सातवीलाही.

पुढं कधीतरी, एका शिबिरात,
चहा आणि बिस्किटांच्या मधे
'अध्ययन अक्षमता' हा शब्द मिळाला.
फळ्यावर तो वाचताना
पहिल्यांदा मनात आलं,
हा तर तिला वाचताच आला नसता.

तोवर ती मागावर बसत होती.
खरं, सातवीतल्या एका दुपारी,
शाळा सुटल्यावर, पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून
मी विचारलं होतं,
मलू, पुस्तकात काय दिसतं तुला?
"अक्षरं हलूलाल्यात सर.
थांबत्यात, खरं मी पोचेपर्यंत न्हाई."
मग थोडं थांबून,
"तुमचीबी हलत्यात काय? ती कन्नडातली?"
नाही, म्हटलं. माझी हलत नाहीत.
मला ती येतच नाहीत. शिकलोच नाही मी.
तिनं दप्तराचा बंद दोनदा गुंडाळला, सोडला.
"मग तुमाला कोण मारत न्हाई?"

दुसऱ्या दिवशी परिपत्रक आलं.
मी चष्मा लावला नाही.
'पाहिले' लिहिलं, सही केली,
आणि पुढं, लहान अक्षरात,
खरं.
बसलिंगनं कागद उलटा करून पाहिला.
पुढं काय, सर?